पंजाएवढी त्वचा

फॉर्मवर एकतीस प्रश्न होते. एकोणिसावा होता, 'तुम्हाला पूर्वी कधी त्वचेचा आजार झाला होता का?' हर्षदाने 'नाही'वर बोट टेकवलं, तेव्हा तिच्या सासूबाई तिच्या खांद्यावरून वाचत होत्या.

आपल्याकडे दवाखान्यातला फॉर्म कुणी एकट्याने भरत नाही. एकजण लिहितो, दुसरा जन्मतारीख सांगतो आणि तिसरा 'ते शुगरचं कशाला लिहिलंस' म्हणून वाद घालतो. २०४१ साली कागदाच्या जागी काचेची पाटी आली, एवढंच. डोकावणारी डोकी होती तेवढीच राहिली. शिवाय, 'नाही' लिहिताना आपण खोटं बोलतोय असं हर्षदाला फारसं वाटलंही नाही. गेल्या वीस वर्षांत तिच्या अंगावर एक चट्टा उठला नव्हता.

परवा सकाळी सिन्नरच्या त्यांच्या घरात, जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी फुटली. हर्षदाची सतरा वर्षांची एकुलती एक मुलगी ओजस्वी क्लासला जायला नेमकी तेव्हाच खाली उतरत होती. योगेंद्रने, म्हणजे हर्षदाच्या नवऱ्याने, जाळात हात घालून मुलीला ओढून काढलं. आता त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. ओजू साठ टक्के भाजली होती: पाठ, कंबर, दोन्ही पाय. 'चेहरा आणि डोकं वाचलं, हे नशीब,' असं भेटायला येणारा प्रत्येकजण सांगून जायचा, जणू बाकीचं अंग सुटं काढून बाजूला ठेवता येतं.

नाशिकच्या त्या रुग्णालयात भाजलेल्यांसाठी एक आख्खा मजला होता. तिथल्या डॉक्टर रेहाना तडवी मोजकं बोलत आणि बोललेलं फिरवत नसत. "एवढ्या जखमा उघड्या राहिल्या तर दहा-बारा दिवसांत जंतू रक्तात शिरतील," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भाजलेल्या अंगातल्या पेशी मंद वाढतात, म्हणून तिची स्वतःची त्वचा वाढवायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस आपल्या हातात नाहीत. रक्ताच्या माणसाची मिळाली तर नऊ दिवसांत काम होतं."

देणाऱ्याच्या मांडीवरून हाताच्या पंजाएवढी त्वचा काढायची आणि टाकीत वाढवायची. नऊ दिवसांत त्या पंजाची चादर होते. ती नुसती वरची साल नसते. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि जंतूंशी लढणाऱ्या पहारेकरी पेशी यांच्यासकट ती जिवंत त्वचा असते, म्हणूनच ती जखमेवर धरते. शरीराने तिला परकी समजून झिडकारू नये म्हणून औषध होतं, पण ते जुळणी चांगली असली तरच लागू पडायचं. तीन जिल्ह्यांत मिळून ती टाकी एकच. आज दुपारी चारला ती सुरू होणार होती आणि त्यानंतरची पाळी चार दिवसांनी होती. योगेंद्र स्वतःच भाजलेला, म्हणून बाद; सासूबाई वयामुळे बाद. राहिली आई.

साडेबाराला डॉक्टरांनी हर्षदाला आत बोलावलं. सासूबाईही पदर सावरत उठल्या, तेव्हा "फक्त ताई," असं म्हणून डॉक्टरांनी दार लावून घेतलं.

भिंतीवरच्या पडद्यावर हर्षदाच्या मांडीचं चित्र होतं. सकाळी एक पोरगेलासा तंत्रज्ञ तिच्या मांडीवर गार जेल लावून त्यावरून एक डबी फिरवून गेला होता, तिचंच हे फळ.

"हा कॅमेरा बघत नाही, ऐकतो," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही प्रकाशाची अगदी क्षणभराची तिरीप आत सोडतो. रक्त ती शोषून घेतं, किंचित तापतं, किंचित फुगतं आणि त्या फुगण्याचा बारीक आवाज होतो. तो ऐकून हे चित्र तयार होतं. निरोगी त्वचेत वरच्या थराखालच्या केशवाहिन्या आखूड आणि सरळ दिसतात. तुमच्या बघा."

हर्षदाने पाहिलं. लाल, फुगीर, वेटोळी वेटोळी. बाहेरून त्याच मांडीवर तिळाएवढा डाग नव्हता.

"ताई, तुम्हाला सोरायसिस होता?"

वीस वर्षांत हा शब्द कुणी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. "होता," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी. बरा झाला."

"वरून बरा झाला. चट्टे गेले तरी ज्या पेशींनी तो दाह पेटवला होता, त्यांतल्या काही त्वचेतच मुक्काम ठोकून राहतात. त्यांना सगळं आठवत असतं. आणि त्या फक्त जुन्या चट्ट्यांच्या जागीच असतात असंही नाही. जिथे कधी काही उठलंच नाही, अशा नितळ त्वचेतही दाह धुमसत असू शकतो. डोळ्यांना तो दिसत नाही."

हर्षदाला हे लगेच कळलं. वरून खडखडीत वाळलेला पापड आतून ओला राहतो आणि डब्यात भरल्यावर आठ दिवसांनी बुरशी धरतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं.

"मग ही ओजूला लावली तर?"

"फार वर्षांपूर्वी उंदरांवर प्रयोग झाले होते. सोरायसिसच्या रुग्णांची स्वच्छ दिसणारी त्वचा त्यांना लावली आणि काही आठवड्यांत तिच्यावर चट्टे उठले. बाहेरून काही लागलं नव्हतं, सगळं सामान त्या त्वचेतच होतं. हा आजार स्पर्शाने होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण आपण इथे नुसता स्पर्श करत नाही आहोत, जिवंत पेशी देतो आहोत. ओजस्वीला बहुधा होईल. औषधं आता चांगली आहेत, पण जन्मभराची सोबत."

"आणि नाही लावली तर?"

"तुमची जुळणी उत्तम आहे. ही त्वचा धरण्याची शक्यता दहात आठ. दुसऱ्या कुणाची, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

हर्षदाने एकदा बंद दाराकडे पाहिलं. "तुम्ही घरच्यांना सांगणार?"

"तुमचा आजार तुमचा आहे, मी सांगणार नाही," डॉक्टर तडवी म्हणाल्या. "पण लपवून लावणारही नाही. संमतीवर आईवडील दोघांची सही लागते आणि सहीच्या वर हे स्पष्ट लिहिलेलं असेल. तुम्ही माघार घेतलीत तर मी एवढंच लिहीन की दाता बदलला. दोन वाजेपर्यंत काय ते सांगा."

बाहेर जायला दुसरं दार होतं, ते जिन्यावर उघडायचं. हर्षदा तिथे पायरीवर बसली.

तिच्या सासूबाईंना सगळे सुलभाकाकू म्हणत. सुलभाकाकू शिरुडे म्हटलं की सिन्नरपासून दुबईपर्यंत लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सासूबाईंनी एका पोळपाटापासून उभा केलेला त्यांचा पापड-मसाल्यांचा गृहउद्योग आता चाळीस बायकांना काम देत होता. सुकवणी यंत्रावर गेली, पण पीठ मात्र हातानेच मळलं जायचं, आणि ते मळण्याच्या खोलीत कोण बसेल हे काकू ठरवायच्या. हर्षदा तिथे अठरा वर्षं बसत होती. पाच वर्षांपूर्वी शकू नावाच्या बाईच्या कोपरांवर काकूंना पांढरे पापुद्रे दिसले. "उद्यापासून येऊ नकोस गं बाई, लोकांच्या पोटात जायचंय हे," एवढंच त्या म्हणाल्या. शकूने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. तो आजार लागत नाही, हे त्या खोलीत एकट्या हर्षदाला ठाऊक होतं, आणि ती खाली मान घालून उडदाचं पीठ तिंबत राहिली होती.

चट्टे पहिल्यांदा उठले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडिलांनी चार वर्षं पुण्याच्या खेपा घातल्या, महागडी इंजेक्शनं दिली, आणि अंग नितळ झालं त्याच वर्षी स्थळं पाहायला सुरुवात केली. 'हे आता तुझ्यात नि माझ्यात,' ते म्हणाले होते. वडील गेले, मग ते फक्त तिच्यात उरलं.

आता माघार घेतली तर कुणाला काही कळणार नव्हतं. शिवाय ते मुलीच्या भल्याचंच होतं. पापुद्रे उडतील म्हणून पंखा लावायला भिऊन सबंध उन्हाळा लांब बाह्यांत काढायचा, बसलेली सतरंजी उठण्याआधी हळूच झटकायची, वर्गात मागच्या बाकावर बसायचं, हे सगळं ओजूच्या वाट्याला कशाला? आईनेच ते तिला द्यायचं? हर्षदा स्वतःला हे समजावत राहिली. पण आपण मुलीला वाचवतोय की स्वतःला, हे तिला काही केल्या ठरवता येईना, आणि त्याची तिला भयंकर भीती वाटली.

डॉक्टरांना नकार कळवून पावणेदोनला ती बाकाशी परत आली. "माझी नाही चालत म्हणतायत," ती म्हणाली. "जुळत नाही."

योगेंद्रचा चेहरा उतरला. सासूबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात तिची नणंद ज्योत्स्ना उभी राहिली. ज्योत्स्नाला सुईची एवढी भीती की स्वतःच्या पोरीला लस द्यायच्या वेळीही ही बाहेर जाऊन उभी राहायची. ती म्हणाली, "वहिनी, रडू नका. माझी घेऊ देत. मी काय परकी आहे?" आणि कुणी काही बोलायच्या आत ती तपासणीच्या खोलीकडे चालू लागली.

हर्षदा मुळीच रडत नव्हती. नणंदेचा हात धरून थांबवावं, असं तिला वाटलं, आणि ती बसून राहिली.

पावणेतीनला डॉक्टर तडवी बाहेर आल्या. "ज्योत्स्नाताईंची त्वचा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण जुळणी कमी आहे. धरण्याची शक्यता दहात चार."

"चार?" योगेंद्र उठून उभा राहिला. "म्हणजे दहात सहा वेळा ती..."

"गळून पडेल. आणि मग दुसऱ्यांदा करायला वेळ उरणार नाही." डॉक्टरांनी हर्षदाकडे पाहिलं नाही, अगदी ठरवून पाहिलं नाही. "आणखी कुणी देणारं असेल तर साडेतीनच्या आत सांगा."

"कुणी नाही हो," सासूबाईंचा आवाज फाटला. "आईचीच जुळत नाही म्हटल्यावर कोण असणार?"

दहात चार. हर्षदाने हा आकडा मनात फिरवून पाहिला. पापडाची लाटी दाबली की पसरते, पण हा कुठूनही दाबला तरी मोठा होईना. मग तिचं तोंड आपोआप उघडलं.

"माझी जुळते," ती म्हणाली. "दहात आठ. मी खोटं बोलले."

तिने सगळं सांगितलं. लग्नाआधीचे चट्टे, इंजेक्शनं, वडिलांचा शब्द, एकोणिसावा प्रश्न, मांडीतली लाल वेटोळी. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. वीस वर्षं जे उरावर धोंड्यासारखं होतं ते एवढंसंच निघालं, याचा तिला रागच आला.

सासूबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे अठरा वर्षं तू माझ्या पिठात हात घालत होतीस?"

"हो आई."

"देवाच्या नैवेद्याच्या पुरणात? बाळंतिणींच्या डिंकाच्या लाडवांत? मी शकूला घालवलं, आणि तू माझ्या शेजारी बसून..."

"अठरा वर्षांत कुणाला काही झालं का?" हर्षदा म्हणाली. तिने आवाज खाली पडू दिला नाही. "हा लागत नाही. शकूताईंचाही लागत नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. तेव्हा माझंच पाप मोठं आहे. पण आत्ता ते बाजूला ठेवा. माझी त्वचा घ्या."

"नाही," योगेंद्र म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पट्ट्या बांधलेले हात पुढे धरले होते, ते कुठे ठेवावेत हे त्याला दोन दिवस कळत नव्हतं. "माझ्यापासून लपवलंस, ते आपण नंतर बघू. पण मुलीला जन्माचा रोग मी सही करून देऊ? मोठी झाल्यावर ती मला विचारेल, तेव्हा काय सांगू? आईनेच दिला म्हणून?"

"विचारायला ती असेल तरी," ज्योत्स्ना एकदम बोलली. "दादा, माझी चार आहे रे. चार."

"चारमध्ये बसली तर? तिचं अंग स्वच्छ राहील."

"आणि नाही बसली तर?" हर्षदाने विचारलं. "अहो, मी हे अंगावर घेऊन शिकले, लग्न केलं, मूल वाढवलं, उद्योग सांभाळला. लपवण्यात गेला तेवढाच जन्म वाया गेला. चट्टे असलेली मुलगी मला चालेल. तुम्हाला नाही चालणार?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून नऊ मिनिटं झाली होती. दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टर तडवी पुढे आल्या. त्यांच्या हातात पाटी होती.

"ताईंनी स्वतःच सांगितलंय, तेव्हा आता मी बोलू शकते," त्या म्हणाल्या. "आज पट्ट्या बदलताना आम्ही ओजस्वीच्या पोटावरची चांगली त्वचाही त्याच कॅमेऱ्याने ऐकली. नवी त्वचा किती खोल बसवायची, ते त्यावरून ठरतं. तुमच्याशी बोलले तेव्हा अहवाल आला नव्हता. आत्ता आला."

पाटीवरचं चित्र हर्षदाने आधी ओळखलं. लाल, फुगीर, वेटोळी वेटोळी. क्षणभर तिला वाटलं की चुकून तिचंच चित्र पुन्हा लावलंय.

"भाजल्यामुळे सूज येते, पण ती अशी नसते," डॉक्टर म्हणाल्या. "हे जुनं आहे. ओजस्वीच्या त्वचेत हा दाह आधीपासूनच आहे. भाजणं ही मोठी जखम, आणि जखम झाली की तिथेच हा आजार डोकं वर काढतो. आत्याची स्वच्छ त्वचा लावली आणि ती धरली, तरी ओजस्वीच्या रक्तातल्या पेशी हळूहळू तिच्यातही जातील. चट्टे बहुधा कुणाचीही त्वचा लावली तरी येणार. फरक उरला तो फक्त चार आणि आठचा."

हर्षदाला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. दुपारभर ती जे द्यावं की न द्यावं म्हणून तडफडत होती, ते तिने सतरा वर्षांपूर्वीच देऊन टाकलं होतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

योगेंद्र बाकावर बसला. मग सासूबाईंनी नाक पुसलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. "सही करा दोघं," त्या म्हणाल्या. "बाकीचं घरी बघू."

त्यांच्या आवाजात माया नव्हती, पण हुकूम होता, आणि हर्षदाला त्या घडीला तेवढं पुरेसं होतं. तिने बोट टेकवलं. योगेंद्रचे हात पट्ट्यांत होते, म्हणून त्याने पाटीसमोर डोळे धरले आणि यंत्राने ते टिपून घेतले. तेच डोळे त्याने नंतर बायकोकडे वळवले नाहीत.

"सतराव्या वर्षी सही चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण मुलीला सांगितल्याशिवाय मी तिच्या अंगावर काही लावत नाही. गुंगीचं औषध कमी केलंय, दहा मिनिटं ती शुद्धीवर असेल. कोण सांगणार?"

"मी," हर्षदा म्हणाली.

झगा, टोपी, मास्क, हातमोजे. इतकं सगळं चढवल्यावर ओजूला आपण ओळखू येऊ का, असं तिला वाटलं. ओजू कुशीवर होती, अंगावर उष्ण हवेचा तंबू, बाहेर फक्त खांद्यापासून वरचा भाग. डोळे अर्धे उघडे होते.

"आई?"

"हो, मीच." हर्षदा तिच्या तोंडाशी वाकली. शब्द जुळवायला वेळ नव्हता, तेव्हा तिने सरळ सांगितलं. माझी त्वचा तुला लावणार आहेत. मला एक आजार आहे, सोरायसिस. तो त्या त्वचेबरोबर येईल. तसा तो तुझ्यातही आहे, आज कॅमेऱ्यात दिसला. पुढेमागे चट्टे उठतील. लाल, वर पांढरे पापुद्रे. खाज येते. त्यावर औषधं आहेत आणि मी आहे. तुला चालेल का?

ओजूने बोलायला तोंड उघडलं. ओठ कोरडे पडले होते. हर्षदाने ओल्या बोळ्याने ते टिपले.

"आजीला माहितीय?" ओजूने विचारलं.

जीव टांगणीला लागलेल्या पोरीने पहिलं विचारलं ते हे. 'दुखेल का' नाही, 'मी जगेन का' नाही, 'आजीला माहितीय का'. हे भय आपणच हिच्या ताटात रोज वाढत आलो, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"माहितीय. मघाशीच सांगितलं."

"रागावली?"

"चांगलीच."

ओजूने डोळे मिटले. झोपली की काय, असं हर्षदाला वाटलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, डोक्यात मागे बघ. उजव्या कानाच्या वर."

हर्षदा पलंगाच्या मागच्या बाजूला गेली. हातमोज्यांतल्या बोटांनी तिने मुलीचे केस बाजूला केले. दोन वर्षं ओजू तिला डोक्याला तेल लावू देत नव्हती. 'मी मोठी झाले, माझी मी लावीन,' म्हणायची, आणि हर्षदाला त्याचं कौतुक वाटायचं. केसांखाली जुन्या रुपयाएवढा चट्टा होता. वर चंदेरी पापुद्रे, कडा नखांनी ओरबाडून लाल केलेल्या. त्याच्या शेजारी दुसरा, त्याहून लहान.

"कधीपासून?"

"दहावीपासून."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

काचेपलीकडून परिचारिकेने घड्याळाकडे बोट दाखवलं. चारला अकरा मिनिटं कमी होती आणि हर्षदाला आधी भूलघरात जायचं होतं. ओजूची जीभ पुन्हा जड व्हायला लागली होती, तरी तिने वाक्य पुरं केलं.

"मला वाटलं, आपल्या घरात असलं कुणालाच नाही."

मास्क ओला करून चालणार नव्हतं. हर्षदाने श्वास आत ओढला, तो चट्टा तळहाताने झाकला आणि मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

"मला आहे," ती म्हणाली.